पाठीला हाक

"मग लिंबाजीला दिलेली पुडी मला का नाही दिलीत?" विश्वंभराने विचारले.

धुंडाबुवा हिरडे निवडत होते. किडका बाजूला, चांगला सुपात. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली पुडी?"

"तेच तर विचारतोय, बुवा. काढा एकाच कढईतला. खाटा एकाच सुताराच्या. पथ्य तुम्ही सांगाल ते. तरी त्याचे रोगी धडधाकट होऊन घरी जातात, आणि माझे …"

विश्वंभर थांबला. 'माझे पडतात' हे शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात.

प्रवरेच्या काठच्या त्या मठात देव एक, वैद्य एक आणि शिष्य दोन. मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब. अलीकडे विश्वंभराचे रोग्यांचे दालन, पलीकडे लिंबाजीचे. विश्वंभराला सगळे ग्रंथ मुखोद्गत. लिंबाजी श्लोक म्हणताना मध्येच अडखळायचा आणि वर स्वतःच हसायचा. असा माणूस पुढे जातो, याला काय म्हणावे? विश्वंभर याला लबाडी म्हणत होता. गावात अशा दुखण्याला पोटदुखी म्हणतात. ती खुद्द वैद्यालाच झाली तर नाडी कोणी बघायची?

मठाची एक जुनी रीत होती. म्हातारा वैद्य थकला की शिष्यांपैकी एकाच्या दालनात आपली खाट मांडायचा आणि उरलेले दिवस तिथे रोगी म्हणून काढायचा. ज्याच्या दालनात खाट, त्याच्याकडे मठ. वेगळे काही बोलावे लागत नसे.

धुंडाबुवांच्या पायांवर आता सूज होती. अंगण ओलांडायचे तर त्यांना कडुनिंबाखाली बसावे लागे. आणि आज सकाळी विश्वंभराने आपल्या खिडकीतून पाहिले, तर पलीकडे लिंबाजी एक नवी खाट विणत होता. रुंद, मऊ आणि बुटकी.

ती कोणासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. विश्वंभराचा जळफळाट झाला. तो तडक उठून इथे आला.

"आज पुन्हा कोणी पडलं म्हणे तुझ्याकडे," बुवा म्हणाले.

"भिवा कोष्टी. उद्या घरी जायचा होता. हाक मारायची सोडून स्वतःच पाण्याला उठला आणि कंबर धरून बसला. आता म्हणतो, जमीन निसरडी. नाचता येईना अंगण वाकडं."

"हं …"

"जमीन मी घोटून घेतली आहे, तोंड दिसेल अशी. भिंती पांढऱ्याशुभ्र. आत ओल नको म्हणून माठ उंबऱ्याबाहेर. लिंबाजीकडे बघा. खाटेखाटेशी पाण्याचा तांब्या. जमीन खडबडीत. भिंतीला सुतळीचे दोर लावलेत, धरून चालायला. धर्मशाळा बरी."

"बारीक लक्ष आहे तुझं."

"खिडकीतून सगळं दिसतं."

"हं …"

बुवांनी शेजारच्या वाटीतले चिमूटभर चूर्ण पळसाच्या पानात बांधले आणि पुढे केले.

"घे. लिंबाजीची पुडी."

विश्वंभराने ती झटकन घेतली. म्हणजे पुडी होती तर. इतकी वर्षे याच्यापासून लपवून त्या हसऱ्याला दिली जात होती. बरोबर ठरल्याचा आनंद मोठा की डावलले गेल्याचे दुःख, हे त्याला ठरवता येईना.

"हे औषध निजून घ्यायचं," बुवा म्हणाले. "चल."

दोघे विश्वंभराच्या दालनात आले. घोटलेल्या जमिनीवर बुवा जपून पाऊल टाकत होते. भिंतीला हात लावत होते, पण धरायला तिथे काही नव्हते. भिवा कोष्ट्याच्या शेजारची खाट रिकामी होती.

"निज," बुवा म्हणाले.

"मी?"

"औषध तूच मागितलंस ना?"

विश्वंभर निजला. त्याने पुडी तोंडात टाकली.

"आता तू रोगी. अंगात ताप आहे, उजव्या पायात बळ नाही. औषध लागू पडलं की सांग."

एवढे बोलून बुवा खिडकीतल्या विश्वंभराच्या आसनावर जाऊन बसले. बाहेर तोंड करून.

…

चूर्ण जिभेवर पसरले आणि विश्वंभराने ते ओळखले. हिरडा. नुसता हिरडा. तुरट, कोरडा, गावातल्या कोणत्याही घरात मिळणारा.

फसवले म्हाताऱ्याने.

तो उठणार होता. पण उठले तर पुडी ओळखली असे होणार, आणि ओळखली म्हटले की आपले गाऱ्हाणे खोटे पडणार. तो पडून राहिला. थोड्या वेळाने जीभ टाळूला चिकटली.

त्याने पाण्यासाठी मान वळवली. माठ दिसत नव्हता. तो दाराशी, उंबऱ्यापलीकडे. पांढऱ्या भिंतीवरचे ऊन मात्र थेट डोळ्यांत घुसत होते. त्याने डोळे खिडकीकडे नेले.

खिडकीत पाठ होती.

कडुनिंब त्या पाठीमागे गेला होता. वाराही. खांद्यावरून एक डहाळी तेवढी दिसत होती, तीही बुवा हलले की.

हाक मारावी का? त्याने तोंड उघडले आणि मिटले. बुवा बाहेर काहीतरी इतके मन लावून पाहत होते की मध्ये बोलायचा संकोच वाटावा. समोर चेहरा असता तर डोळ्यांनीही पाणी मागता आले असते. पाठीला हाक कशी मारायची?

त्याला एकदम भिवाची आठवण झाली. त्याने हळूच मान फिरवली. भिवा जागाच होता.

"लई कोरड पडली का, वैद्यबुवा?" भिवा कुजबुजला.

"तुम्हाला नाही पडत?"

"आमी पाणीच कमी पितो. म्हंजे मग उठाया लागत न्हाई."

"सगळेच?"

"समदेच. आज माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई म्हून …"

तापाच्या रोग्याला विश्वंभर रोज बजावून सांगत असे, भरपूर पाणी प्या. आणि समोरचा माणूस रोज मान डोलवत असे.

तो उठला. दाराकडे निघाला. दुबळा पाय त्याने ओढत नेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. सोंग तरी त्याने प्रामाणिकपणे केले. उंबऱ्याशी आदल्या माणसाचे पाणी सांडले होते. घोटलेल्या जमिनीवर ते दिसत नव्हते. पाय सटकला, हात भिंतीवर गेला, भिंतीवरून घसरला, आणि मुखोद्गत ग्रंथांसकट विश्वंभर दाणकन खाली बसला.

दालनातले सगळे रोगी अर्धवट उठून बसले.

बुवांनी मागे वळून पाहिले नाही.

"बुवा, मी पडलो."

"हो का? मला नाही दिसलं. इथून लिंबाजी दिसतो."

…

विश्वंभर तसाच बसून राहिला. कान तापले होते.

हे आसन पूर्वी खाटांच्या मध्ये होते. लिंबाजीला समोरचे दालन मिळाले आणि त्याच आठवड्यात विश्वंभराने आसन उचलून खिडकीत नेले. उजेडासाठी, असे त्याने सगळ्यांना सांगितले होते. पुढे जे जे त्याने केले, ते तिथूनच सुचले. लिंबाजीची जमीन खडबडीत म्हणून याची गुळगुळीत. लिंबाजीचे तांबे आत म्हणून याचा माठ बाहेर. रोगी काय म्हणतात, हे विचारायला त्याला मागे वळावे लागले असते.

तो उठला. माठातून तांब्या भरला, भिवाला पाजला आणि खाटेशी ठेवला. मग खिडकीपाशी गेला. बुवा आसनावरून हळूहळू उठले आणि बाजूला झाले.

विश्वंभराची नजर सवयीने अंगणापलीकडे गेली. लिंबाजी नव्या खाटेशी वाकून उभा होता. खाटेवर एक ठेंगणी म्हातारी बसली होती, आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले होते.

खाट तिच्यासाठी होती. म्हणून बुटकी.

विश्वंभराला आधी हायसे वाटले. मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. तेवढ्यात म्हातारी लिंबाजीला काहीतरी म्हणाली, तो नेहमीसारखा हसला, आणि विश्वंभराची जुनी पोटदुखी पुन्हा उठली. खोड जाता जात नाही.

"बुवा," तो बाहेर बघतच म्हणाला, "मग तुमची खाट … ती कोणाकडे?"



मागे सुतळी करकरली.

तो वळला. त्याने नुकत्याच सोडलेल्या खाटेवर धुंडाबुवा आडवे झाले होते. सुजलेले पाय त्यांनी एकेक करून वर घेतले. उपरणे घडी करून उशाला घातले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिले, जिथे विश्वंभर उभा होता आणि त्याच्यामागे कडुनिंब.

…

"मी इथं निजलो, विश्वंभर," बुवा म्हणाले. "तू कुठं बसतोस?"