गेनूने पाळलेलं पथ्य

चिंचओहळ गावात एक भोळा गवंडी होता. त्याचं नाव गेनू. त्याने बांधलेली भिंत ओळंब्यात अगदी सरळ असायची, पण तो सांगितलं तेवढंच बांधायचा. एकदा सरपंच म्हणाले, "चार भिंती बांध आणि वर पत्रे टाक." गेनूने चार भिंती बांधल्या, वर पत्रे टाकले. दार ठेवलं नाही, कारण दाराचं कोणी बोललंच नव्हतं. शेवटी गेनूच आत अडकला. मग पत्रा काढून, दोराने ओढून त्याला बाहेर घ्यावं लागलं.

गेनूची बायको द्वारका शहाणी होती, पण फार अशक्त झाली होती. थोरली मुलगी अंगणवाडीत जायची आणि धाकटा अजून रांगत होता. बाजारगावच्या डॉक्टरीणबाईंनी द्वारकाची पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. तीन वर्षं तरी पुढचं मूल नको. जिवावर बेतेल."

द्वारका घाबरली. सासूला, म्हणजे बयाबाईंना, हे सांगायची सोय नव्हती. त्या येताजाता म्हणायच्या, "पाळणा मोकळा ठेवू नये."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उपाय पुष्कळ आहेत, ये कधीही." पण दवाखान्यात जाणं सोपं नव्हतं. तिथल्या बाकावर चिंचओहळची कोणी ना कोणी बसलेली असायचीच. प्रत्येकीला विचारलं की प्रत्येकीचं डोकंच दुखत असायचं. कोणी खरं बोलायचं नाही आणि कोणी खरं मानायचंही नाही. म्हणून द्वारकाने गेनूला पाठवलं. गेनूला लाज नव्हती. लाजायचं कशाला, हेच त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला गोळ्यांचं पाकीट दिलं. म्हणाल्या, "रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. एकही दिवस चुकवायचा नाही. कळलं?"

"कळलं बाई."

गेनू घरी आला, तर द्वारका भावाच्या हळदीसाठी माहेरी गेलेली. जेवणं झाली. गेनू विचारात पडला. द्वारका घरी नाही, पण दिवस तर चुकवायचा नाही. त्याने गोळी आईच्या हातावर ठेवली.

"कशाची रे, गेन्या?"

"डॉक्टरीणबाईंनी दिलीय."

"गुडघ्याची असेल," म्हणत बयाबाईंनी गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी दुसरी. द्वारका परत आली, तेव्हा बयाबाई पाकीट उशाखाली ठेवून झोपत होत्या. कोणाला हात लावू देईनात. म्हणाल्या, "गुडघा कसा लोण्यासारखा वळतोय!"

गेनूने जाऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे गेनू, आईंना उद्याच्या उद्या तपासायला आण. आणि ते पाकीट काढून घे. असल्या वस्तू भलत्याच्या हाती लागू द्यायच्या नसतात. बंद करून ठेवायच्या."

"बरं बाई. पुढच्या वेळी तसंच करीन."

बयाबाईंना काही झालं नव्हतं. बाईंनी त्यांना गुडघ्याला चोळायचं तेल दिलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. पाकिटाची सर त्याला नव्हती.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी गेनूला निरोधची पाकिटं दिली आणि कशी वापरायची ते नीट समजावलं. गेनूने मान डोलावली. पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. आता ती बंद करून ठेवायची होती. ट्रंकेला कुलूप होतं, पण कुलूप तुटतं. गेनू गवंडी होता. काय तुटत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने माजघराच्या भिंतीतल्या दोन विटा काढल्या, आत पुडकं ठेवलं, विटा बसवल्या आणि वरून गिलावा केला. गिलावा इतका सुरेख झाला, की बयाबाईंनी त्यावर देवाचं कॅलेंडर लावलं.

त्या महिन्यात द्वारकाची पाळी लांबली. धाकट्याला मांडीवर घेऊन ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. मग एका सकाळी तिचा चेहरा मोकळा झाला आणि ती चुलीपुढे बसून थोडी रडली. बयाबाईंना वाटलं, धूर झाला.

डॉक्टरीणबाईंनी गेनूला विचारलं, "वापरता ना?"

"एकही वाया गेलेलं नाही बाई. सगळी भिंतीत आहेत."

बाई म्हणाल्या, "अरे बाबा, या गोष्टी लपवून काय उपयोग? यात लाज कसली? उघड बोलावं, चार जणांना सांगावं, म्हणजे त्यांचंही भलं होतं."

"बरं बाई. पुढच्या वेळी तसंच करीन."

आता द्वारकाने ठरवलं, याच्या हाती काही द्यायचं नाही. ती स्वतः गेली आणि डोकं दुखतंय म्हणून बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी तिला मूल न होण्याची सुई दिली. तीन महिने काळजी नव्हती. घरी येऊन तिने गेनूला तेवढं सांगितलं. "सासूबाईंना कळता कामा नये," असं सांगायची मात्र ती विसरली. तिला वाटलं, एवढं तर कोणालाही कळतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ओसरीवर गावातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. बयाबाई तिळगूळ वाटत होत्या. गेनूने पाहिलं, चार जण काय, इथे तर पंचवीस आहेत. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सगळ्यांनी ऐका. आमच्या द्वारकाने मूल नको म्हणून सुई घेतलीय. बाजारगावच्या दवाखान्यात मिळते. लाज कसली?"

कोणाच्या तरी हातातला लाडू खाली पडला आणि घरंगळत बयाबाईंच्या पायाशी गेला. मग सगळ्यांनी आपापलं वाण उचललं. एरवी अंधार पडला तरी न उठणाऱ्या बायका झरझर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गेनू पाण्याच्या टाकीचं काम करत होता. एक बाई घागर घेऊन आली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "गेनूभावजी, ती सुई रोज देतात का ठरलेल्या वारी?"

"पण वहिनी, तुमचं तर डोकं दुखतं ना?"

"हळू बोला हो!"

संध्याकाळपर्यंत टाकीवर बऱ्याच घागरी येऊन गेल्या.

इकडे बयाबाईंनी अन्न सोडलं. "माझ्या वंशाला सुई टोचली," म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्याच भिंतीकडे, जिच्यात पुडकं होतं. शेवटी द्वारकाने देव्हाऱ्यापुढे हात ठेवून शपथ घेतली, की पुन्हा सुई घेणार नाही. मग बयाबाई जेवल्या. दोन भाकरी जास्तच जेवल्या.

सुईची मुदत सरत आली. द्वारका गेनूला म्हणाली, "अहो, आता तुम्हीच करून घ्या. पुरुषाचं ऑपरेशन लहानसं असतं म्हणे. आपल्याला दोन मुलं पुरेत."

"करीन की," गेनू म्हणाला. त्याचा द्वारकावर जीव होता. तो लगेच डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंना आनंद झाला, पण धसकाही बसला. "गेनू, तू आधी करतोस आणि मग ऐकतोस. यावेळी तसं नको. आधी पथ्य, मग बाकीचं. नीट ऐक. ऑपरेशन तालुक्याच्या दवाखान्यात होतं. पहिला आठवडा जड उचलायचं नाही. आणि गुण लगेच येत नाही. तीन महिने सांभाळायचं. एकतर निरोध वापरायचा, नाहीतर लांब राहायचं. तीन महिने झाले की माझ्याकडे तपासणीला यायचं. मी पास म्हटलं, की मोकळा."

"आधी पथ्य," गेनू म्हणाला. "बरं बाई. तसंच करतो."

निरोध भिंतीत होते आणि भिंतीवर देव होता. म्हणून गेनूने लांब राहायचं ठरवलं. थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि जाताना द्वारकाला म्हणाला, "तीन महिने येत नाही. पथ्य आहे." बयाबाईंना वाटलं, पोरगा कामाला चालला.

द्वारका वाटेकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. पण तिला नवराही ठाऊक होता. दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. बाकावरच्या बाईने विचारलं, "काय गं, डोकं दुखतंय?"

"नाही," द्वारका म्हणाली. "डोकं चांगलं आहे."

बाकावरच्या एकीने सरकून तिला जागा दिली.

द्वारकाने तांबी बसवून घेतली. सुई घेणार नाही अशी तिची शपथ होती. तांबीचं कोणी बोललंच नव्हतं.

जाताना गेनूने पारावर 'ऑपरेशनचं पथ्य आहे' असं सांगितलं होतं, त्यामुळे गावात मात्र बातमी पसरली. ऑपरेशन करणारा गेनू हा चिंचओहळचा पहिला पुरुष! पारावर आधी हसणं झालं. मग निरोप आला, की गेनू बहिणीच्या गावी गोठा बांधतोय, दोन वेळा जेवतोय, ठणठणीत आहे. पारावरचे दोघे जण विचारात पडले. "त्या येड्याला जमलं, मग आपल्याला काय झालं?" ते गुपचूप तालुक्याला गेले, करून आले, आणि विचारलं तर म्हणाले, डोकं दुखत होतं.

तीन महिने भरले. गेनू परत आला तो थेट दवाखान्यात. द्वारका तिथेच वाट बघत होती. तिच्या गालावर आता रंग आला होता. गेनू छाती काढून डॉक्टरीणबाईंपुढे बसला.

"बाई, तपासा. पहिला आठवडा मी वीटसुद्धा उचलली नाही. विटा मेहुण्याने उचलल्या. तीन महिने घराचं तोंड बघितलं नाही."

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कौतुक वाटलं. "गावाला तू वाट दाखवलीस. तालुक्याला त्रास नाही ना झाला? ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केलं?"

"ते राहिलंय बाई," गेनू म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, आधी पथ्य."

डॉक्टरीणबाईंनी द्वारकाकडे पाहिलं. द्वारकाने पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. बाईंना आधी वाटलं, ती रडतेय.

"बरं," बाई कशाबशा म्हणाल्या. "पथ्य झालंय. मग आता ऑपरेशन करून येतोस?"

गेनूचा चेहरा पडला.

"येतो की. पण मग पुन्हा तीन महिने पथ्य आलं ना, बाई? गोठा तर बांधून झाला. आता बहिणीच्या घरी बांधू काय?"