उतरवलेली दोरी

डोंगरात अजून बंदूक पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नवसू शिकाऱ्याच्या झोपडीत बांबूचं एक धनुष्य आणि त्याची अंबाडीची दोरी राहायची. संसार जुना, भांडणंही जुनी.

त्या वर्षी रानात हरणं फार कमी दिसली. काही जण म्हणाले, शिकारच बंद करा. शेवटी गावानं ठरवलं, पाडसं मोठी होईपर्यंत सगळ्यांनी धनुष्याची दोरी उतरवून ठेवायची.

नवसूनं दोरीला हात लावताच धनुष्य भडकलं. "मी काय चोर आहे, मला बांधून ठेवायला?"

दोरी म्हणाली, "अहो, बांधत नाहीत, सोडतायत. पाठ टेका जरा."

धनुष्य ऐकेना. असं ताठून बसलं की नवसूनं नाद सोडला आणि ते तसंच दोरीसकट खुंटीला टांगलं.

पाडसं मोठी झाली, शिकार खुली झाली. नवसूला समोरच एक शिंगवालं हरीण दिसलं. त्यानं दोरी कानापर्यंत ओढली. बाण सुटला आणि हरणाच्या अलीकडेच गवतात पडला. हरणानं तो हुंगला आणि सावकाश निघून गेलं. महिनोन्‌महिने वाकून राहिल्यामुळे धनुष्यातला जोरच गेला होता.

घरी आल्यावर नवसूनं दोरी सोडली. धनुष्य वाकडंच राहिलं.

"आता सरळ होता येत नाही गं," ते पुटपुटलं.

"व्हाल हळूहळू. पडा निवांत," दोरी म्हणाली.

दुसऱ्या वर्षी रानात पहिलं पाडस दिसलं, तेव्हा नवसू उठायच्या आत धनुष्यच म्हणालं, "अगं, उतर की आता. तिकडे हरणी बाळंत झाल्यात, आणि इकडे माझीही पाठ धरलीय."