शिशाचा कंठा

एका राज्यात एक जुनी रीत होती. गादीच्या वारसाला सोळावं लागलं, की राजसभेच्या पूर्वेकडच्या खिडकीत त्याची रंगीत काचेची प्रतिमा बसवायची. मग राजमांत्रिक तिला मंत्राने बांधी. त्या घडीपासून काच शाबूत तर वारस शाबूत. त्याला ना तलवार लागे, ना ताप चढे. पण त्या मंत्रात एक शापही होता. वारसाला स्वमुखाने राजशपथ घेता आली नाही, तर राज्यातली रोज एक विहीर आटत जाई.

राजा सुकेतूला एकच लेक, हेमकला. तिची प्रतिमा घडवण्याचं काम रेवण काचाऱ्याकडे आलं.

रेवणसारखा कारागीर त्या राज्यात दुसरा नव्हता. तो कापडावर कोळशाने चित्र रेखी, हिरकणीने काच कापी, लोखंडाच्या भस्माने नाकडोळे रंगवी आणि तुकडे भट्टीत भाजी. मग शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून सांध्यांना कथलाचा डाख देई. भट्टीचा नियम मात्र कडक होता. आग विझली तरी सात दिवस दार उघडायचं नाही. काच आपल्या मनाने गार व्हावी लागते.

पाचव्या दिवशी राजा स्वतः भट्टीपाशी आला. मुहूर्त तोंडावर आला होता.

"दार उघड."

"महाराज, अजून दोन दिवस आहेत."

"आमची आज्ञा आहे."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पण राजाला हे सांगणार कोण? रेवणने दार उघडलं. गार वारा आत शिरला आणि काचेचा बारीकसा आवाज झाला. राजाला तो ऐकू आला नाही, रेवणला आला. हेमकलेच्या गळ्याच्या तुकड्याला आडवी चीर गेली होती.

नवा तुकडा करायला वेळ नव्हता, खरं सांगायला छाती नव्हती. त्याने चिरेवर शिशाची पट्टी बसवली आणि तिच्यावर मण्यांची नक्षी उठवली. सभेला वाटलं, राजकन्येने कंठा घातला आहे. सगळ्यांनी वाहवा केली.

मांत्रिकाने मंत्र म्हटला. हेमकला शपथेला उभी राहिली, तिने तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही.

त्याच दिवशी पहिली विहीर आटली. राजाने भरसभेत प्रतिज्ञा केली, "माझ्या लेकीचा आवाज ज्याने नेला, त्याचे दोन्ही हात तोडीन." वैद्यांनी तिच्या गळ्याला नाना लेप लावले. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! खाई त्याला खवखवे म्हणतात, तसा रेवण महिनाभर झोपला नाही.

त्या राज्यात पशुपक्षी बोलत, पण कामापुरतंच. एके सकाळी रेवणच्या कारखान्यात साळुंकी येऊन बसली.

"कंठ्याखाली काय आहे, ते मी पाहिलं आहे," ती म्हणाली.

"उपाय सांग, बाई."

"तीन कामं कर. मगरीच्या डोहातली पांढरी वाळू आण. जी चांदी मोडताना हात थरथरेल, ती मोड. आणि या खेपेला भट्टी गार झाल्यावाचून दार उघडू नकोस."

"शेवटचं तर सोपं आहे."

"तेच अवघड आहे," म्हणून साळुंकी उडाली.

रेवण डोहावर गेला. मगरीने डोकं वर काढलं. "काय चोरायला आलास?"

"चोरी आधीच केली आहे. भरपाईला वाळू हवी."

मगर बाजूला सरली.

मग त्याने घरातली एक लहानशी पेटी उघडली. त्याची मुलगी दोन वर्षांची असतानाच देवाघरी गेली होती. पेटीत तिचे चांदीचे वाळे होते. चांदीचं भस्म काचेच्या पाठीवर माखून भाजलं, की काचेला गव्हाळ पिवळी झाक येते. वाळे मोडताना रेवण रडला, आणि रडतच त्याने ते मोडले.

जुना तुकडा काढायला खिडकी उतरवणं भाग होतं. रेवण राजापुढे गेला आणि घडलं ते सारं त्याने सांगितलं.

"हात आत्ताच तोडू?" राजाने विचारलं.

"खिडकी होऊ द्या, महाराज. मग हात आपलेच आहेत."

डोहातल्या वाळूची नवी काच भट्टीत गेली, आग विझली. हेमकला रोज सकाळी येऊन भट्टीपाशी बसे. रेवण दाराला तळहात लावून सांगे, "अजून ऊन आहे, बाईसाहेब." ती मान हलवी.

पाचव्या दिवशी राजा आला. चाळीस विहिरी आटल्या होत्या, वेशीपाशी बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

"दार उघड."

रेवणने दाराला तळहात लावून पाहिला. "नाही, महाराज."

शिपायांनी तलवारी उपसल्या. हेमकला उठली आणि भट्टीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. राजाने लेकीकडे पाहिलं, शिपायांना मागे हटवलं आणि तो परत गेला.

आठव्या दिवशी दार उघडलं. काच अखंड होती. रेवणने जुनी पट्टी सोडवली, तुकडा बदलला, डाख दिला, सांध्यांत काच घट्ट धरणारं लुकण भरलं आणि खिडकी पुन्हा जागी बसवली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि हेमकलेने खणखणीत आवाजात शपथ घेतली. चाळीस विहिरींना आणि त्यानंतर आटलेल्या तिन्ही विहिरींना पाणी आलं.

राजाने जल्लादाला खूण केली. रेवणने हात पुढे केले.

हेमकला आपल्या आसनावरून म्हणाली, "बाबामहाराज, पहिल्या खेपेला दार उघडायला कोणी सांगितलं?"



"मी," राजा म्हणाला.

"आपली प्रतिज्ञा दोन हातांची आहे. मग एक त्याचा आणि एक आपला."

राजाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग त्याने मुकुट उतरवून लेकीपुढे ठेवला. "शब्द मागे घेतो. चूक माझीही आहे."

शिशाचा तो कंठा हेमकलेने भट्टीच्या दारावर टांगायला लावला. तेव्हापासून त्या राज्यात खुद्द राजा भट्टीपाशी आला, तरी तो आधी विचारतो, "गार झाली का?" आणि नाही म्हटलं, तर बाकावर बसून राहतो.

रेवण म्हातारा होईतो रोज सकाळी त्या खिडकीखाली येऊन उभा राही. काचेच्या गळ्यातून गव्हाळ ऊन खाली येई. तो दोन्ही तळहात पुढे धरी, आणि लेकीच्या वाळ्यांचा उजेड त्यांवर घेई.