दहावं कबुतर

“मग ते दहावं कबुतर कुणाचं, बाबा?”

सर्जेराव भोकरेनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं. लतीफशा फकीर आपल्या तकियाच्या अंगणात, लिंबाखाली ज्वारी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुझी किती?”

“नऊ. पण चार दिवस झाले, आभाळात दहा असतात. दहावं काळं. खाली उतरतच नाही. म्हमू तांबटाचाच डाव आहे हा, तोही कबुतरं पाळतो. माझी पाखरं फितवून ढाबळ फोडायला पाखरू सोडलंय. आज त्याच्या दारात जाऊन गचांडी धरतो.”

सर्जेरावाची नजर गावात गाजलेली. लोकांना जिथं नुसता ठिपका दिसे, तिथं हा नर की मादी तेही सांगायचा. खरंखोटं करायला वर कोण जातंय?

साखरेचा आजार जुना. जिलबीशी मैत्री त्याहून जुनी. डोळ्यांचे डॉक्टर दर वर्षी सांगत, थेंब घालून मागचा पडदा बघू द्या. हा म्हणे, थेंबांनी अर्धा दिवस धुरकट दिसतं, माझी पाखरं कोण उतरवणार? मी बघितल्याशिवाय ती उतरत नाहीत.

“म्हमूला दिसतं का ते?” बाबांनी विचारलं.

“त्याची कुठली आलीय एवढी नजर.”

“तुझ्या बायकोला?”

“तिला चष्मा आहे.”

“म्हणजे तुला एकट्यालाच.”

“त्याला तशी नजर लागते, बाबा.”

बाबांनी हसू दाढीतच ठेवलं. उठले. मूठभर ज्वारी त्याच्या हातात दिली आणि खांद्याला धरून त्याचं तोंड नव्यानं चुना दिलेल्या भिंतीकडं फिरवलं.

“इथं बघ.”

सर्जेराव बघत राहिला…

“बाबा… भिंतीवर उडतंय.”

“दाणे टाक. उतरव.”

दाणे पडले. कोंबडीनं खाल्ले.

“उजवा डोळा झाक.”

“…गेलं.”

“उघड.”

“…आलं.”

सर्जेराव भिंतीपुढं उभाच. नजरेच्या जिवावर जगलेला माणूस, आता तोच डोळा उघडा ठेवायला भीत होता.

“दुखत नाही, बाबा. खुपतही नाही. मग आत काय झालं असंल?”

“मी फकीर. मला काय विचारतोस? डॉक्टरकडं जा. आत्ता. आणि म्हमूला घेऊन जा. थेंब घातल्यावर तुला परतीची वाट दिसायची नाही.”

ज्याची गचांडी धरायची, त्याचाच खांदा धरून सर्जेराव दवाखान्यात गेला. म्हमूनं वाटेत चार टोमणे मारले. तेवढा त्याचा हक्कच होता.

डॉक्टरांनी आत बघितलं. साखरेनं पडद्यावरच्या बारीक नसा पोखरल्या होत्या. काही पाझरत होत्या. शेजारी नव्या नसा उगवल्या होत्या, त्या मुळातच कच्च्या. त्यातली एक फुटून रक्त सांडलं होतं. त्या रक्ताचा ठिपका म्हणजे म्हमूचं काळं पाखरू. डॉक्टर म्हणाले, लेझर करावा लागेल, लागलं तर पुढं इंजेक्शन. साखर आणि रक्तदाब आवरायचा. दुसरा डोळा अजून बरा आहे, पण दुखायची वाट बघू नका, हा आजार सांगून येत नाही.

संध्याकाळी दोघं तकियात परतले. थेंबांचा अंमल अजून होता. सर्जेरावाला म्हमू म्हणजे एक ढग आणि बाबा म्हणजे दाढीवाला ढग.

तकियामागच्याच माडीवर सर्जेरावाची ढाबळ. तिकडं पंख वाजले.

“सर्ज्या, उतरली तुझी,” म्हमू म्हणाला. “नऊच्या नऊ.”

सर्जेरावानं मान वर केली. धुकं.

“मी तर बघितलंच नाही…”

तो दाढीवाल्या ढगाकडं वळला.

“बाबा, मी न बघता उतरली?”

बाबा पुन्हा ज्वारीपाशी बसले.

“नऊ उतरतात आपली आपण,” ते म्हणाले. “तू दहाव्यावर नजर ठेव.”