कोमट चाक

"…पण यमुनाचं काम तुम्ही तपासत का नाही, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद ब्रेक ऑइलच्या बाटलीचं बूच लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

विचारून जयसिंग तिथंच उभा राहिला. कुंभार्ली घाट जिथं सुरू होतो, त्याच्या जरा अलीकडं वस्तादांचं गॅरेज होतं. घाट उतरणारी जुनी गाडी तिथं एकदा थांबून, ब्रेक दाखवून मगच पुढं जायची. जयसिंग तिथं चौदा वर्षं काम करत होता. यमुना येऊन दीड वर्ष झालं होतं. माहेरी असताना ती बापाच्या दुकानात पंप दुरुस्त करायची. नवरा गेल्यावर तिनं वस्तादांकडं काम मागितलं, आणि वस्तादांनी काही न विचारता तिच्या हातात पाना दिला होता.

"माझं काम झालं की तुम्ही उठता," जयसिंग म्हणाला. "चाकाला हात लावता. तेल बघता. चौदा वर्षं झाली, एक गाडी सोडली नाहीत. आणि तिनं 'झाली' म्हटलं की बसल्या जागेवरून मान हलवता."

"हं."

"हं म्हणजे?"



तेवढ्यात हिंदुरावांची पिकअप आत आली. गाडी पंधरा वर्षांची. कराडहून चिपळूणला भाजी जायची तिच्यातून. आजही मागं टोमॅटोचे क्रेट भरलेले होते.

"ब्रेक दाबला की डावीकडं ओढतीय," हिंदुराव उतरता उतरता म्हणाले. "आणि पुढचं डावं चाक तापतंय. जळका वास येतोय."

यमुना हात पुसत पुढं झाली.

"ही गाडी जयसिंग बघेल," वस्ताद म्हणाले.

जयसिंगनं जॅक लावला. डावं चाक हातानं फिरेना. त्यानं चाक काढलं. ब्रेक पॅड नखाएवढे उरले होते. उजव्या बाजूचे मात्र अजून अर्धे होते. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचं रबर फाटलेलं, आतल्या पिस्टनवर गंज.

"कॅलिपर धरतोय," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "पाय काढला तरी सोडत नाही. दोन्ही बाजूंचे बदलतो."

यमुना शेजारच्या ट्रकखाली होती. तिथूनच म्हणाली, "दादा, आधी हवा काढायचा निपल सैल करून चाक फिरवून बघितलंत का? तेल बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर दोष वरच्या रबरी पाइपात. पाइप आतून फुगला असला तर नवा कॅलिपरपण तसाच धरेल."

बरोबर होतं ते. जयसिंगला ते ठाऊकही होतं. तो एवढ्यात तेच करणार होता… निदान त्याला तसं वाटलं.

"मला शिकवू नको," तो म्हणाला.

त्यानं निपलला हात लावला नाही. सरळ कॅलिपर उतरवले. दोन्ही बाजूंना नवे बसवले, नवे पॅड घातले, पिनांना ग्रीस लावलं. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना पेडल दाबायला एक माणूस लागतो. यमुना रिकामी होती. त्यानं हिंदुरावांना बसवलं.

मग तो गाडी जवळच्या पुलापर्यंत नेऊन परत आला. ब्रेक छान लागत होता. उतरून त्यानं डाव्या चाकाला हात लावला.

कोमट.

नवे पॅड आहेत, घासतात जरा, त्यानं स्वतःला सांगितलं. मग पलीकडं जाऊन उजव्या चाकाला हात लावला.

गार.

यमुना लांबून बघत होती. त्यानं हात खिशात घातला.

"झाली," तो म्हणाला.

वस्ताद उठले. जयसिंगला वाटलं, आता येतील, वाकतील, चाकाला हात लावतील. पण वस्ताद पिकअपच्या पलीकडच्या बाजूनं गेले, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"चल. घाट उतरून येऊ."

"आत्ता?"

"खाली मला काम आहे. तू चालव. हिंदुराव, चहा घ्या तोवर."

जयसिंग स्टिअरिंगवर बसला. गाडी चालू केली. गॅरेजच्या तोंडाशी आला आणि थांबला. समोर रस्ता डावीकडं वळून खाली गेला होता. पलीकडं दरी.

वस्ताद समोर बघत होते.

"वस्ताद… चाक नाही बघितलंत?"

"तू बघितलंस ना?"

जयसिंगचा पाय ब्रेकवर होता. तो उचलेना. मागून एक एसटी हॉर्न वाजवून पुढं गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

त्यानं इंजिन बंद केलं.

"डावं चाक कोमट आहे," तो म्हणाला.

"उजवं?"

"गार."

"कधी कळलं?"

"मघाशी. पुलावरून आलो तेव्हाच."

जयसिंगनं हँडब्रेक ओढला.

"पाइप तपासला नाही मी," जयसिंग म्हणाला. "तपासायचं माहीत होतं. पण आधी ती बोलली… म्हणून नाही तपासला."

वस्ताद गाडीतून उतरले नाहीत.

जयसिंगनं गाडी मागं घेतली. जॅक लावला. चाकाला हिसका दिला. ते जड फिरत होतं. तो थोडा वेळ तिथंच उकिडवा बसला. मग मान न वळवता म्हणाला,

"यमुना. जरा ये. निपल खोल."

ती आली. तिनं पाना लावला, अर्धा वळसा दिला. तेलाची चिळकांडी उडाली. जयसिंगनं चाकाला हात लावला, आणि चाक भिरभिर फिरलं.

"मी म्हटलं नव्हतं?" असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्याला भांडता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "पाइप मी आणते," आणि फळीकडं गेली.

त्याला तिचा तेव्हा जास्तच राग आला.

जुना पाइप त्यानं काढून एका टोकाला फुंकर मारली. जेमतेम गेली. दुसऱ्या टोकानं मारली, तर गेलीच नाही. तेल कॅलिपरपर्यंत पोचत होतं आणि तिथंच अडकून पडत होतं. त्यानं दोन्ही बाजूंचे पाइप बदलले. हवा काढायला तो खाली बसला आणि ती पेडलवर.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव… सोड."

किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी निपलला लावलेल्या नळीतून एकही बुडबुडा येईना. पुलापर्यंत जाऊन आल्यावर त्यानं दोन्ही चाकांना हात लावला. मग तिलाही लावायला सांगितला. दोन्ही सारखी होती.

हिंदुराव क्रेट झाकून घाट उतरले. यमुना आपल्या ट्रकखाली परत गेली.

वस्ताद नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होते. जयसिंग मागं जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला कळलं होतं? पाइपचं?"

"यमुना मोठ्यानं बोलते. ऐकलं होतं."

"आणि मी तपासला नाही, ते?"

"इथंच तर बसलो होतो मी."



"तरी बसलात गाडीत? घाट उतरायला?"

वस्तादांनी नळ बंद केला. हात झटकले.

"तू चालवणार होतास ना. कोमट चाकावर तू घाट उतरला नसतास."