माणकोजी पोतदार आणि परमुलखाचं नाणं

घाटमाथ्यावरच्या एका पेठेत माणकोजी नावाचा पोतदार राहत होता. नाणी पारखणं हे त्याचं काम. नखावर नाणं उडवायचं, कान देऊन आवाज ऐकायचा आणि ते कुठल्या टाकसाळीत पाडलंय ते सांगायचं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका बाजारच्या दिवशी सगुणा कुंभारीण त्याच्याकडे आली. नदीकाठी माती खणताना तिला सोन्याचं नाणं सापडलं होतं. त्यावर पानांचा मुकुट घातलेला, कुरळ्या केसांचा कुणी राजा होता. भोवतीची अक्षरं कुणालाच वाचता येईनात.

"पोतदारबाबा, कुठलं हो हे?" तिनं विचारलं.

माणकोजीनं असलं नाणं जन्मात पाहिलं नव्हतं. पण भोवती माणसं जमली होती. 'ठाऊक नाही' म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"आपल्याच महाराजांच्या पणजोबांचं आहे," तो म्हणाला. "खास खजिन्यासाठी पाडलेलं. बाजारात कधी आलंच नाही."

लोकांनी माना डोलावल्या. बोलणं गडावर पोचलं. वर्षभरापूर्वी खजिन्यात चोरी झाली होती. नाणं त्याच चोरीतलं असणार, असं समजून दुसऱ्याच दिवशी शिपाई आले आणि सगुणेला धरून घेऊन गेले.

माणकोजी पेचात पडला. खरं सांगावं तर अब्रू जाणार. न सांगावं तर त्या बाईचे हात तोडतील. दोन दिवस तो घरात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी डोक्याला पागोटं गुंडाळून तो गड चढला आणि सदरेवर राजापुढे उभा राहिला.

"महाराज, ते नाणं मला ओळखता आलं नाही. चारचौघांत कमीपणा नको, म्हणून मी थाप मारली."

राजानं सगुणेला कोठडीतून सदरेवर आणवलं.

"मग कुठलं आहे ते?" राजानं विचारलं.

"ठाऊक नाही, महाराज."

तेव्हा सगुणा बोलली, "महाराज, नाण्याशेजारी एका रांजणाचं खापर निघालं होतं. माझा जन्म मातीत गेला. तसली माती आपल्या मुलखात नाही."

राजानं खापर आणवलं आणि नाण्याबरोबर बंदरावर पाठवलं. तिथं एका म्हाताऱ्या परदेशी नाखव्यानं दोन्ही ओळखली. समुद्रापलीकडच्या, केव्हाच बुडालेल्या एका राज्याचं ते नाणं होतं. मिरी न्यायला तिकडची गलबतं एके काळी या किनाऱ्याला लागत.

हा निरोप यायला पंधरा दिवस लागले. तोवर सगुणा कोठडीतच होती. मग ती सुटली, नाणंही तिला परत मिळालं. माणकोजीची पोतदारकी राजानं वर्षभरासाठी काढून घेतली.

माणकोजी तिच्या दारी गेला आणि हात जोडून उभा राहिला.

सगुणा म्हणाली, "बाबा, त्या दिवशी 'ठाऊक नाही' म्हणाला असतात, तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."



तात्पर्य: ठाऊक नसलेलं ठोकून सांगणाऱ्याचा मान चार दिवस टिकतो, पण त्याच्या थापेची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.