भागीरथीचा डावा हात

सद्गुरू सुखगिरी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी कोळवडीस होता. गावाबाहेर पिंपळाईचे देऊळ, आणि त्याच्या ओवरीत महाराजांची धुनी. गावात सखाहरी कासार राहत असे. बांगड्यांची पेटी पाठीला लावून तो गावोगाव फिरे आणि वाटेने महाराजांचे नाम घेई.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, भागीरथीच्या, अंगावरून वारे गेले. डावे अंग लुळे पडले, आणि डाव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. पंचक्रोशीतल्या बायकांचे हात भरणाऱ्या सखाहरीला घरचा तो हात काही भरता येईना! तो फेरीवर गेला की शेजारची गोजराबाई भागीरथीला न्हाऊ घाली, भरवी, कूस बदलून देई. त्याबद्दल तो तिला धान्य देई. पण यंदा धंदा बसला, कणगी रिकामी झाली, आणि गोजराबाईने डोळे पुसत सांगितले, “भाऊ, मला बी लेकरं हाईत. आता खुरपायला जावंच लागंल.” तिचा तरी काय दोष? फेरीवर जावे तर भागीरथीला पाणी कोण पाजणार, घरी बसावे तर दोघांनी खावे काय? बिचारा पार खचला.

आशा एकच उरली होती. पिंपळाईच्या उत्सवात देवीला पहिला चुडा भरण्याचा मान त्याच्या घराण्याचा. मग गावच्या साऱ्या सुवासिनी त्याच्याकडेच बांगड्या भरत. त्या दिवशी विक्री झाली तर गोजराबाईला परत बोलावता आले असते. भागीरथीपाशी बसायला कुणी नव्हते, म्हणून सखाहरीने तिला पाठुंगळी घेतले आणि देऊळ गाठले.

देवस्थानचे पंच नानासाहेब इनामदार पायरीवरच आडवे आले. “वा रे बहाद्दर! बायको पाठीवर टाकून आलास? तिची लुगडी धुणाऱ्या हातांनी देवीला चुडा भरणार होय?”

“सरकार, एकलीला कशी टाकू? माझ्याबिगर तिला हाय कोण?”

लोक फिदीफिदी हसले. इनामदारांनी मान तालुक्याहून आलेल्या कासाराला दिला. भागीरथीला पायरीवर टेकवून सखाहरी मनात म्हणाला, ‘महाराज, आता तुम्हीच बघा.’

आणि काय आश्चर्य! देवीचा उजवा हात भरून झाला, डाव्याकडे वळतात तो पाषाणाचा उघडा तळवा मिटलेला! घट्ट मूठ! नवा कासार बांगडी चढवी आणि ती तडकन फुटे. बायका घाबरल्या. इनामदारांच्या तोंडचे पाणी पळाले. ते धावतच ओवरीत गेले.

महाराज मंद हसले. म्हणाले, “नाना, आई रुसली नाही रे. तिचा हात दुखतोय. तिला पायरीवर बसवून तू आत कुणाला बांगड्या भरतोस?”

महाराज स्वतः पायरीवर आले. “सखाहरी, रोज सकाळी करतोस तसंच कर.”

सखाहरीने देवीपुढच्या समईतले कोमट तेल मागून घेतले. भागीरथीचा हात मांडीवर ठेवून तो एकेक बोट चोळू लागला, सोडवू लागला. आता कुणी हसले नाही. इतके दिवस हट्टाने मिटलेली मूठ हळूहळू सैलावली, आणि हिरवी बांगडी अलगद मनगटावर उतरली. तेवढ्यात आतून पुजारी ओरडला, “आईनं मूठ उघडली! हात उघडला!”

भागीरथी मनगटाकडे बघतच राहिली. मग वाकड्या ओठांनी म्हणाली, “धनी... भरला की वो हात.” सखाहरी लहान मुलासारखा रडला.

महाराज म्हणाले, “नाना, देवीला रोज न्हाऊ घालणाऱ्या बाईला देवस्थान काय देतं?”

“शिधा आणि वर्षाचं लुगडं, महाराज.”

“मग हिला न्हाऊ घालणाऱ्या गोजरानं शेतात का राबावं?”

इनामदारांची मान खाली गेली. “चुकलो, महाराज. आजपासून गोजराबाई देवीचीच सेवेकरीण. तिचा शिधा देवस्थान देईल.”

ते ऐकताच सखाहरीने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! गाभाऱ्यात जाऊन त्याने देवीचा चुडा पुरा केला. बाहेर येतो तर सुवासिनींची ही रांग लागलेली!

इनामदार महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज पाय मागे घेत म्हणाले, “इथं नको.”

मग नानासाहेबांनी डोक्यावरची पगडी उतरवली आणि साऱ्या गावादेखत भागीरथीच्या त्या लुळ्या हातावर आपले कपाळ टेकले.